पावाखालचं

नंदुरबारच्या पथारीवर मिरची वाळायला पडली
की बाहेरचा रस्तासुद्धा शिंकतो.
मी शेडच्या दारात, काट्याजवळ, स्टुलावर.
नाकाला ओढणी, मांडीवर वही :
नाव, वजन, दर, उचल, बाकी.

सकाळी मिरचीवर पाणी मारतात,
नाहीतर देठ खुडताना बी सांडतं.
बाया खुडतात ती ओली मिरची,
संध्याकाळी काट्यावर चढते ती सुकलेली.
मधलं वजन ऊन घेऊन जातं,
आणि उन्हाच्या नावाचं खातं माझ्या वहीत नाही.

किलोला आठ रुपये.
सुपडाबाईंचे आज एकतीस किलो एकशे ऐंशी.
"कितलं व्हयनं वं अक्का?"
मी म्हणते, एकतीस.
शेठचा नियम : पावाखालचं धरायचं नाही.

आमच्या घरात प्रत्येकाचा पैसा
वेगळ्या दाराने येतो.
बाप बाजार समितीत हमाल, पोत्यामागे पैसे.
पावसाळ्यात पोती नसतात, तेव्हा तो दिवसभर झोपतो
आणि झोपेत खांदा बदलतो.
धुडकूमामा सावद्याला केळी कापतो,
गाडी भरली तर मजुरी,
गाडी आलीच नाही तर पारावर बसणं फुकट.
वर एक फणी मिळते. ती विकायची कुणाला?
सावद्यात केळी विकत घेतो कोण!
भाऊ सुरतेला साड्यांवर खडे चिकटवतो, नगावर.
त्याचे पैसे फोनमध्ये टिंग करून येतात
आणि टिंग करून जातात.

शेजारच्या रुमशा पावराला तर
दसऱ्याआधीच मिळतात, ऊस तोडायचे.
पैसे आधी, घाम नंतर,
आणि घाम संपला तरी उचल संपत नाही.
कागदावर लिहिलेलं असतं : एक कोयता.
म्हणजे रुमशा आणि त्याची बायको.
मी मुकादमाला विचारलं, तिचं नाव कुठंय?
म्हणाला, आहे की, कोयत्यात.

मला महिना सहा हजार.
मिरची कमी येवो, जास्त येवो.
त्याला पगार म्हणतात.
हा शब्द उच्चारताना आई आवाज थोडा वाढवते,
भिंतीपलीकडे जाईल इतका.

तर सहा हजारांत मी काय करते?
एकशे ऐंशी खाली सोडते.
दोनशे दहा सोडते. नव्वद सोडते.
पण सोडलेलं कुठं तरी पडतंच ना,
म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर, उलट्या बाजूने,
पेन्सिलीने, बारीक.

हंगाम संपला त्या दिवशी
सुपडाबाई राखेने हात चोळत बसल्या होत्या.
मी हळूच सांगितलं :
चौसष्ट दिवसांचं तुमचं सात किलो नऊशे राहिलंय.
त्रेसष्ट रुपये वीस पैसे.
त्या हसल्या.
"वीस पैसा तं आते भिकारी भी लेत नही."
मग तळहात माझ्यापुढे धरले,
देठाच्या रंगाची नखं, बोटांच्या पेरांत भेगा.
"नि हातनी आग? ती कोनता पानवर लिखेल शे?"

मी पर्समधून साठाच्या नोटा काढल्या, वर तीन नाणी.
त्यांनी मोजल्या. दोनदा मोजल्या.
मग माझ्याच वहीवर ठेवल्या, वारा लागू नये म्हणून
वर नाणी.
"ह्या तुना पैसा शेतस, पोरी.
मना त्या शेठकडे शेतस."

पदर झटकून त्या उठल्या,
टेम्पोत सगळ्यात मागे बसल्या.

आता मी केबिनच्या दाराशी, वही घेऊन.
शेवटचं पान वर येईल अशी धरलीय.
पेन्सिल फार फिकट वाटतेय इथल्या ट्यूबलाइटमध्ये.
आत पंखा फिरतोय, कॅलेंडर फडफडतंय.
माझाही पगार आजच व्हायचाय.

आत शेठ शिंकतात.